पियानोत नटबोल्ट: जॉन केजच्या मैफलीला जाऊन आलो (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

द्राक्षबाग (शनि, रात्री ११:५०)

मंडळी आधीच सांगतो, पाश्चात्य संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. आमच्याकडे पियानो आहे तो पोरीसाठी, तोही कुणीतरी घर बदलताना फुकट देत होतं म्हणून आणलेला, आणि फुकटचा पियानो जर्सीत तीन गावं पलीकडून उचलून आणायला दोनशे डॉलर पडले ते वेगळंच. तर पोरीच्या पियानोच्या बाई म्हणाल्या की शनिवारी मॅनहॅटनमधे एका चर्चच्या हॉलमधे जॉन केजची संध्याकाळ आहे, त्यांची मैत्रीण वाजवणारे, मुलीला घेऊन या, तिला आवडेल. बायको म्हणाली पंचवीस डॉलर माणशी, तिघांचे पंच्याहत्तर, त्यात सर्दीने तुझं नाक वाहतंय, बाहेर बर्फ. तरी गेलो.

जॉन केज म्हणजे तोच अमेरिकन संगीतकार, चार मिनिटं तेहतीस सेकंद काही न वाजवणारा. मलापण एवढंच माहीत होतं, आणि ते ऐकूनच आपण हसतो ना सगळे. म्हटलं बघू तरी.

स्टेजवर दोन पियानो. एक साधा ग्रँड, आणि दुसऱ्याचं झाकण काढून ठेवलेलं. सुरुवातीला साध्यावर 'इन अ लँडस्केप' वाजवलं, १९४८ सालचं. हे ऐकून मी गारच झालो कारण मला वाटलं होतं आदळआपट असणार, आणि हे तर लहान मूल झोपवावं असं शांत, पेडल दाबूनच ठेवलेलं त्यामुळे एका सुरात पुढचा सूर विरघळत जातोय. मग एक टॉय पियानो आणला, खेळण्यातला, गुडघ्याएवढा, आणि त्या बाई चक्क जमिनीवर बसून गंभीर चेहऱ्याने तो वाजवायला लागल्या. पोरगी खूष. तिच्याकडे लहानपणी तसलाच होता, आम्ही तो देऊन टाकला हे तिने तिथल्या तिथे मला ऐकवलं.

आणि मग तो दुसरा पियानो. 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स'. सोळा सोनाटा (पियानोच्या छोट्या रचना) आणि चार इंटरल्यूड (त्यांच्या मधले तुकडे), १९४६ ते ४८ मधे लिहिलेले, सगळं वाजवलं तर तास-सव्वा तास लागतो, त्यांनी निम्मं वाजवलं. आता मी कसं सांगू. तुम्ही बघताय की बाई पियानो वाजवतायत, हात पियानोचेच, पट्ट्या पियानोच्याच, आणि आवाज येतोय तो कुठे लाकडी खुळखुळ्याचा, कुठे लांबच्या देवळातल्या घंटेचा, कुठे कुणी ओल्या मडक्यावर टिचकी मारावी तसा, आणि मधेच एखादा सूर स्वच्छ पियानोचा. डोळे मिटले तर चार-पाच माणसं वेगवेगळी वाद्यं घेऊन बसलीत असं वाटावं. माझ्या कानाला कुठेकुठे तर आपल्या जलतरंगाची आठवण आली.

मध्यंतरात जवळ जाऊन बघू दिलं, फक्त हात लावायचा नाही. मी आत वाकून बघितलं तर तारांच्या मधे स्क्रू. बोल्ट, काहींना नट सैल सोडलेले, ते थरथरून खर्रर्र करतात. रबराचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आणि एक खोडरबर! तो खोडरबर केजने लिहूनच ठेवलाय म्हणे. पहिल्या पानावर तक्ताच आहे की कुठल्या सुराला कुठली वस्तू, कितव्या तारेच्या मधे, आणि डॅम्परपासून (तारेचा आवाज दाबणारी गादी) किती इंचावर. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांपैकी पंचेचाळीस सुरांना असं काहीतरी लावलेलं. बाईंना त्याला अडीच तास लागले, पट्टी आणि टॉर्च घेऊन बसल्या होत्या. आमच्या तासगावच्या वायरमनची आठवण झाली, तो मोटारीच्या पेटीत असाच वाकलेला असायचा.

शेवटी ते चार तेहतीस. बाईंनी स्टॉपवॉच लावलं, पट्ट्यांवरचं झाकण बंद केलं आणि बसल्या. तीन भाग आहेत त्याचे, प्रत्येक भाग संपला की झाकण उघडायचं, परत बंद करायचं. पहिला तेहतीस सेकंदांचा, तो तर कधी संपला कळलंच नाही. दुसरा दोन मिनिटं चाळीस सेकंद. त्यात हॉलमधला जुना वाफेचा रेडिएटर ठोके द्यायला लागला, ठक्, ठकठक्, मग बराच वेळ काही नाही, परत ठक्. कुणाचं तरी जाकीट सरसरलं. बाहेरून बर्फ ढकलणारी गाडी गेली. आणि एक बारीक शिट्टी येत होती, लयीत, वरखाली. मी इकडेतिकडे बघतोय कोण हा मूर्ख, तर बायकोने कोपर मारलं. माझंच नाक वाजत होतं.

तर प्रश्न असा की हे संगीत आहे का? मला उत्तर माहीत नाही पण घरी येऊन झोप लागेना म्हणून लिहितोय. जाणकारांनी सांगावं.

---

स्पष्टवक्ता

वर्णन छान पण मला माफ करा, राजा नागडा आहे हे कुणीतरी म्हणायला पाहिजे. पियानोत खोडरबर घातला की कला, आमच्या भाच्याने मिक्सरमधे घातला तेव्हा वहिनींनी धपाटा घातला होता. आणि चार मिनिटं गप्प बसायचे पैसे? ते काम मी ऑफिसच्या मीटिंगमधे रोज करतो आणि उलट मला पगार मिळतो.

शेवचिवडा

स्पष्टवक्तांना +१, मिक्सरसाठी.
द्राक्षबाग, तुमचं नाक आता अमेरिकन संगीताच्या इतिहासात गेलं. मानधन मागा.

कळफलक

मी बे एरियात गेली वीस वर्षं हौशी पियानो वाजवतोय, यातले दोन सोनाटा स्वतः वाजवलेत, म्हणून थोडं लिहितो.

हे नटबोल्ट प्रकरण विक्षिप्तपणातून नाही, अडचणीतून आलंय. १९४० साली केज सिॲटलच्या कॉर्निश स्कूलमधे नाचाच्या वर्गाला साथ करायचा. सिव्हिला फोर्ट नावाची कृष्णवर्णीय नर्तकी होती तिच्या 'बॅकनाल' नाचाला संगीत हवं होतं. ह्याच्या डोक्यात तालवाद्यांचा ताफा, आणि जागा एवढीशी की तिथे एक पियानो सोडून काही मावेना. मग याने पियानोच बदलायचं ठरवलं. आधी तारांवर 'पाय' (pie) भाजायची थाळी ठेवली, आवाज बरा आला पण थाळी उड्या मारायला लागली. मग खिळे घातले तर ते घसरून खाली. मग स्क्रू, त्याला आटे असतात त्यामुळे तारांच्या मधे तो पकड धरून बसतो. झालं, एका पियानोत अख्खं तालवाद्य पथक. बापाकडून आलेलं असावं, वडील जॉन मिल्टन केज शोध लावणारे गृहस्थ होते. शिवाय केजचा गुरू हेन्री कॉवेल आधीपासूनच पियानोच्या तारा हाताने छेडायचा, म्हणजे आत हात घालायची वाट मळलेली होती.

आता गंमत कुठे आहे बघा. पियानोच्या मधल्या आणि वरच्या प्रत्येक सुराला तीन-तीन तारा असतात. डावं पेडल दाबलं की आतली सगळी हातोड्यांची रांग किंचित बाजूला सरकते आणि हातोडी तीनच्या ऐवजी दोनच तारांवर पडते. साध्या पियानोत त्याने आवाज मऊ होतो एवढंच. इथे मात्र बोल्ट ठरावीक दोन तारांच्या मधे आहे, म्हणजे कुठल्या तारा वाजतात यावर त्याच पट्टीचा आवाज बदलणार. एकाच पट्टीला दोन आवाज. हे ज्याने पहिल्यांदा बोटाखाली अनुभवलंय त्याला राजा नागडा वाटणं अवघड आहे, एवढंच म्हणतो.

आणि हो, नीट बसवलं तर तारांना काही होत नाही, पण ट्यूनरला विचारल्याशिवाय करू नका.

स्पष्टवक्ता

हे मान्य, कारागिरी आहे. पण हाच माणूस नाणी उडवून सूर ठरवायचा असं वाचलंय. मग त्यात त्याचं काय? उद्या मी लुडोचा फासा टाकून गझल लिहितो.

कळफलक

नाणी नंतर आली. १९५१ चं 'म्युझिक ऑफ चेंजेस', तिथून पुढे चिनी 'ई चिंग' ही कौल लावायची पोथी घेऊन तो नाणी टाकून सूर, लांबी, जोर सगळं काढायला लागला. सोनाटांच्या वेळी मात्र एकेक आवाज पियानोपाशी बसून, ऐकून, पसंत करून घेतलेला, समुद्रकिनाऱ्यावरून शिंपले वेचावेत तसा. रचनापण बघायला गेलं तर जुन्या घाटाची, बहुतेक सोनाटांमधे पहिला अर्धा दोनदा आणि दुसरा अर्धा दोनदा, अठराव्या शतकातल्या स्कार्लाती या संगीतकारासारखं. त्यामुळे केज दोन आहेत असं समजा, एक आवडला म्हणून दुसरा आवडायलाच पाहिजे असं नाही. मला स्वतःला नाणीवाला केज ऐकवत नाही, खोटं कशाला बोलू.

अवांतर: शोनबर्ग या मोठ्या संगीतकाराकडे शिकायला होता केज. शोनबर्ग म्हणाला तुला हार्मनीची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या मेळाची) जाणच नाही, पुढे भिंत लागेल तुला. हा म्हणाला मग त्या भिंतीवर डोकं आपटत आयुष्य काढीन. शोनबर्ग नंतर त्याच्याबद्दल म्हणाला की हा संगीतकार नाही, हा प्रतिभावान संशोधक आहे. शिवी की शाबासकी ते ज्याने त्याने ठरवावं.

कायदा_रेला

उशिरा आले धाग्यावर, फोंड्याहून लिहितेय. एवढी चर्चा झाली आणि आपल्या गीताबाई कुठेच नाहीत?

गीता साराभाई, अहमदाबादच्या साराभाईंच्या घरातल्या. त्या काळात पखवाज वाजवणारी बाई, विचार करा! १९४६ मधे त्या न्यूयॉर्कला गेल्या, पाश्चात्य संगीत काय आहे ते समजून घ्यायला, आणि केजशी गाठ पडली. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत, तो त्यांना काउंटरपॉइंट (एकाच वेळी दोन-तीन चाली गुंफायचं तंत्र) आणि नवं संगीत शिकवणार, त्या त्याला आपलं संगीत शिकवणार असं ठरलं. सहा महिने हे चाललं. त्याने एकदा विचारलं की तुमच्याकडे संगीत कशासाठी असतं म्हणता? गीताबाईंनी त्यांच्या गुरूंचं सांगणं सांगितलं: मन निवळावं, शांत व्हावं, म्हणजे त्यात दैवी गोष्टीला शिरकाव करता येतो. केज तोवर पार गोंधळलेला होता, आपण दुःखी लिहावं आणि लोकांनी हसावं अशी अवस्था, त्याला हे उत्तर एवढं लागलं की जन्मभर सांगत राहिला. जाताना त्यांनी त्याला रामकृष्ण परमहंसांच्या वचनांचं पुस्तक दिलं. म्हणजे द्राक्षबागांनी ऐकले ते सोनाटा नेमके त्याच काळातले.

आता माझा मुद्दा. तुम्ही सगळे पियानोत बोल्ट म्हणून हसताय, आमच्याकडे भजनाला बसायच्या आधी पखवाजाच्या डाव्या तोंडाला काय करतात? कणीक भिजवून थापतात! ओली कणीक, पोळीची. जास्त लावली तर आवाज बसतो, कमी लावली तर उघडा पडतो, म्हणून चिमटीने काढत, परत लावत, थाप मारून बघत दहा मिनिटं जातात, आणि भजन संपलं की खरवडून काढायची. आणि तंबोऱ्याचं? जवारीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतो ना आपण, केसभर इकडे तिकडे, मग एकदम तार बोलायला लागते. दोरा काढून वाजवून बघा, मुकी. हे वाद्यात बाहेरची वस्तू घालून आवाज घडवणंच झालं की. केजने इंचात मोजून लिहिलं, आपण कानाने करतो, एवढाच फरक.

गीताबाईंनी त्याला कणकेचं सांगितलं होतं असं मी म्हणत नाही हं, त्याचे बोल्ट सहा वर्षं आधीचे आहेत. पण पखवाज वाजवणाऱ्या बाईला तो पियानो बघून फारसं नवल वाटलं नसणार, एवढं मी पैजेवर सांगते.

मीठभाकर

कणकेचा प्रतिसाद वाचून आजोबा आठवले. आजी ओरडायची, पोळ्यांची कणीक नेऊ नका म्हणून. __/\__

द्राक्षबाग

कायदा_रेला, काय लिहिलंय ताई! तंबोऱ्याचा दोरा मी शंभर वेळा बघितलाय, आमच्या मामांकडे होता, आणि त्या चर्चमधे पियानोत वाकलो तेव्हा हे डोक्यात आलंच नाही. लै भारी.

भरतवाक्य

गीताबाईंचा उल्लेख झाला म्हणून पुढचं. केज त्याच सुमारास भारतीय कलेवर लिहिणारे आनंद कुमारस्वामी वाचत होता आणि सोनाटांमागे त्याने रसांची कल्पना धरली आहे. नाट्यशास्त्रवाल्या भरताचे आठ रस: शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स, अद्भुत, आणि नंतरच्यांनी मानलेला नववा शांत. केजने आठांचे दोन गट पाडले, चार उजळ चार काळे, आणि सगळे मिळून शांताकडे कललेले.

आता खोड काढायचीच तर काढतो. तो ज्यांना कायमच्या भावना म्हणतो ते खरं म्हणजे स्थायी भाव, रस नव्हेत. भाव नटाच्या वा पात्राच्या ठिकाणी, रस रसिकाच्या ठिकाणी, आणि ही फोड शास्त्रात फार महत्त्वाची आहे. दुसरं, कुठला सोनाटा कुठल्या रसाचा हे त्याने सांगितलेलं नाही. त्यामुळे "हा बघा रौद्र" वगैरे जे लोक सांगतात तो त्यांचा अंदाज. पण चार तेहतीसचं म्हणाल तर तिथे रस फक्त ऐकणाऱ्याच्याच ठिकाणी असू शकतो, स्टेजवर काही नाहीच! त्या अर्थाने नकळत तो भरताच्या, किंवा निदान त्याचा भाष्यकार अभिनवगुप्ताच्या, बराच जवळ गेला.

स्पष्टवक्ता

अभिनवगुप्ताला द्राक्षबागांच्या नाकात आणू नका हो.

शेवचिवडा

बीभत्स रस सापडला, हुर्रे.

कळफलक

:D

चार तेहतीसचा पहिला प्रयोगपण असाच झाला होता. २९ ऑगस्ट १९५२, वुडस्टॉकजवळ मॅव्हरिक हॉल, रानातला, मागचा भाग उघडाच. पियानोवादक डेव्हिड ट्युडर वाजवायला, म्हणजे न वाजवायला. पहिल्या भागात झाडांतला वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब, तिसऱ्यात लोकच कुजबुजायला लागले आणि काही उठून चालते झाले. केजचं म्हणणं एवढंच की शांतता अशी काही नसतेच. तो हार्वर्डच्या एका आवाजबंद खोलीत बसून आला होता, तिथेही त्याला दोन आवाज ऐकू आले, एक बारीक आणि एक जाड. तिथल्या इंजिनियरने सांगितलं बारीक तो तुझ्या मज्जासंस्थेचा, जाड तो रक्ताचा. शास्त्रीयदृष्ट्या ते मज्जासंस्थेचं काही मला पटत नाही, पण तो बाहेर आला तो हे डोक्यात घेऊन.

मीठभाकर

भारतात आला होता का हा कधी?

कळफलक

हो, १९६४ मधे, मर्स कनिंगहॅमच्या नृत्यसंचाच्या जगदौऱ्यात, बरोबर ट्युडर. मुंबई आणि अहमदाबाद दोन्हीकडे आले होते. तोच ट्युडर पुढे १९६९ मधे अहमदाबादला एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करायला आला, मूग सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) घेऊन.

शेवचिवडा

कुणी जर्मनीतल्या ऑर्गनचं सांगितलं की नाही? केजचीच रचना, नाव 'ॲज स्लो ॲज पॉसिबल', शक्य तितकं सावकाश वाजवा. हाल्बरश्टाट गावच्या लोकांनी ते मनावर घेतलं. तिथे १३६१ साली मोठा ऑर्गन बसवलेला, तिथून २००० पर्यंत ६३९ वर्षं, म्हणून हे ६३९ वर्षं वाजवायचं. ५ सप्टेंबर २००१ ला सुरू झालं, पण रचनेच्या सुरुवातीलाच विराम आहे त्यामुळे पहिला सूर वाजला फेब्रुवारी २००३ मधे! तोवर नुसता भाता चालू. सूर बदलायचा असला की लोक तिकीट काढून जमतात. फेब्रुवारी २०२४ मधे बदलला होता. २६४० मधे संपणार.

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासालापण हाच ठेकेदार आहे असा माझा संशय आहे.

स्पष्टवक्ता

वरचं सगळं वाचलं. काल रात्री हेडफोन लावून पाचवा सोनाटा ऐकला, दीड-एक मिनिटाचा आहे, मग परत ऐकला. वाईट नाहीये. ठेका आहे त्याला, मान हलते. चार तेहतीसवर मात्र माझं मत तेच, आणि मीटिंगमधे मी ते दर सोमवारी सादर करतो.

कायदा_रेला

पाचवा ऐकलात तर आता सोळावापण ऐका, शेवटचा. आणि द्राक्षबाग, लेकीला काय वाटलं ते लिहिलंच नाहीत तुम्ही.

द्राक्षबाग (बुध, रात्री ९:२०)

ताई तेच सांगायला आलोय, आणि जरा मदत पण पाहिजे.

लेकीला एवढं आवडलं की रविवारी आम्ही दुपारचे झोपलेलो असताना तिने आमच्या पियानोचं वरचं झाकण उघडून तारांच्या मधे खोडरबर घातला. आता आमचा आहे उभा पियानो, म्हणजे तारा भिंतीसारख्या उभ्या, त्यात वस्तू आडवी टिकत नाही. ती दाबून बसवायला गेली तर तो सरकून हातोड्यांच्या मागे कुठेतरी अडकलाय, टॉर्च मारला तर गुलाबी टोक दिसतं पण चिमटा पोचत नाही, आणि मी जास्त खुपसायला घाबरतो. ट्यूनर गुरुवारी संध्याकाळी येणारे, त्याला फोनवर सांगितलं तर तो अर्धा मिनिट हसतच होता.

तोवर ती रोजचा सराव करतेय, सी मेजर. मधला एफ गेलाय. सा, रे, ग, ठक्, प, ध, नि, सा. परत उतरताना सा, नि, ध, प, ठक्. काल बायको आतून ओरडली, हा मध्यम वर्ज्य कुठला राग काढलाय म्हणून.

कळफलक, तो रबर काढताना तारेला काही होणार नाही ना?

कळफलक

नाही. पण तुम्ही काढू नका, ट्यूनरलाच काढू द्या. आणि नक्की कुठे अडकलाय ते इंचात मोजून ठेवा, परत लावायचा झाला तर.